तात्पुरती ओळ

मी तोंडाची फटकळ, त्यामुळे ऑफिसात माझं कुणाशी पटत नाही. आकडेवाल्या दादांशी मात्र पटायचं. मी गच्चीवरचं हवा मोजणारं यंत्र सांभाळायची. त्याचे आकडे तपासून लोकांसाठी फलकावर टाकणारा प्रोग्राम दादांचा, स्वतः लिहिलेला. पोटच्या पोरासारखा जपायचे. त्यात काहीही बदललं की वहीत तारीख, कारण आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या, हा नियमही त्यांचाच.

वहिनींना दमा. सकाळी फिरायला निघताना त्या दादांना हवा कशी आहे ते विचारायच्या. त्या दिवशी काय घडलं, ते दादांनीच मला सांगितलं. वहिनी दारातच थांबल्या होत्या.

"अहो, घसा खवखवतोय. जळका वास येतोय."

दादांनी मोबाइलवर फलकाचा आकडा बघितला. "काहीतरीच तुझं! हवा चांगली आहे. जा बिनधास्त."

त्या गेल्या. बागेतल्या बाकावर कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत.

महिन्याने दादा कामावर आले आणि यंत्राच्या मूळ नोंदी काढून बसले. त्या सकाळी बागेजवळच्या कचऱ्याला आग लागली होती आणि यंत्राने चौपट आकडा दाखवला होता. फलकावर मात्र आदल्या तासाचाच. दादांनी वही चाळली. सहा वर्षांपूर्वीची नोंद निघाली: 'आकडा तिपटीच्या वर उडाला तर चूक समजून आधीचाच धरणे. कारण: यंत्रात पाणी शिरतं. तात्पुरतं.' खाली आमच्या सह्या.

ते पाणी शिरणारं यंत्र मी चार वर्षांपूर्वीच भंगारात काढून नवं बसवलं होतं. खाली येऊन दादांना सांगितलंही. "सुटलो बाई एकदाचे!" म्हणाले होते. प्रोग्राममधली ती ओळ मात्र तशीच राहिली. मीही विचारलं नाही. एरवी साऱ्या जगाला धारेवर धरते, आणि नेमकं तेवढंच विचारलं नाही! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"दादा, कचऱ्याला आग काय तुम्ही लावली होती?" मी म्हटलं.

"नाही. पण सांगायचं काम माझं होतं."

त्यांनी ती ओळ काढून टाकली. वही पुढे ओढली. कारणाच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग लिहिलं: 'यंत्र खरं सांगत होतं. तीही.'

मला बघवेना. मी वही मिटायला गेले.

"थांब," दादा म्हणाले. "तुझी सही राहिली."

मी केली. सहा वर्षांपूर्वी जितक्या सहज केली होती, तितक्या सहज नाही.