प्रकाशाच्या वेगाने गेलेला मुलगा

केवड्याचा वास आला की आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यातल्या गणेशोत्सवातली वादविवाद स्पर्धा आठवते. विषय होता, माणसाने प्रकाशाच्या वेगाने अंतराळात जावं का. मी कॉलेजात होतो. ‘जावं’ या बाजूने बोलताना मी सांगितलं, की असा प्रवासी तरुणच परततो, इथे मात्र पिढ्या सरलेल्या असतात. शेजारचे काका ओरडले, “अरे भिया, मग बापाचं श्राद्ध कोण करेल?” मांडव हसला. घरी जाताना वडिलांनी विचारलं, “खरंच जाशील?” म्हटलं, “संधी मिळाली तर जाईनच.” “जा. श्राद्धबिद्ध सोड. पण तिथून काय दिसलं, ते मला कसं कळणार?” मी नोकरीसाठी जेमतेम चार तासांवरच्या भोपाळला गेलो, आणि ते होते तोवर तिथलंही त्यांना कधी नीट सांगितलं नाही.