रुक्याला दाखवलेला धूर

दुष्काळ सरून एक पावसाळा झाला होता. थोरल्या बहिणीच्या सासरची वस्ती बार्शीच्या बाजूला, वनखात्याच्या झाडीला लागून होती. सोलापुरात एका वर्तमानपत्रात मी नुकता लागलो होतो आणि रजा काढून तिच्याकडे गेलो होतो. सकाळी ती चिगूर, म्हणजे चिंचेचा कोवळा पाला, आणायला झाडीच्या कडेला गेली. फांदी खाली ओढताना तिच्या मनगटाला साप चावला.

ती धावत आली नाही, चालत आली. मनगट दुसऱ्या हाताने आवळून धरलं होतं. त्यावर रक्ताचे बारीक ठिपके ओळीने उमटले होते. साप आम्ही सगळ्यांनी पाहिला. तो चिंचेच्या शेंड्याकडे सरकत होता. दोरीसारखा बारीक, पाठीवर तांब्याच्या रंगाचा लांब पट्टा. ताईच्या सासूबाईंनी एकदाच वर पाहिलं आणि रुका आहे म्हणून सांगितलं.

रुक्याबद्दल त्या भागात एक समजूत होती. तो माणसाला चावला की झाडाच्या टोकावर जाऊन बसतो आणि त्याच्या चितेच्या धुराची वाट पाहतो. धूर दिसल्याशिवाय तो खाली येत नाही, आणि तोवर चावलेल्या माणसाची सुटका नाही. म्हणून त्याला खोटी चिता दाखवायची.

दाजी सायकल घेऊन फाट्याकडे गेले. जीप, ट्रक, मिळेल ते वाहन घेऊन येतो म्हणाले. इकडे सासूबाईंनी बांधावर तुराट्या रचल्या, वर गोवऱ्या ठेवल्या आणि धूर जास्त व्हावा म्हणून त्यावर ओला पाला टाकला. ताई घरात मेढीला टेकून बसली होती. तिचे हात गार पडले होते. हे सगळं खोटं आहे, असं मी तिला सांगायला हवं होतं. पण दारातून चिंच दिसत होती आणि शेंड्याला तो खरोखरच बसलेला होता, मान वर करून.

धूर शेजारच्या वस्तीवरून दिसला. साप चावल्याचं दाजींनी जाताना तिथे सांगितलंच होतं. त्यामुळे लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. थोड्याच वेळात बायका रडत रानातून येताना दिसल्या. मागून एक म्हातारा खांद्यावर दोन बांबू घेऊन येत होता. त्यांना थांबवायला मी बाहेर पडलो, तर सासूबाई आडव्या आल्या.

"पाव्हणं, गप ऱ्हावा. रडू द्या त्यास्नी. रडल्याबिगर त्याला खरं वाटायचं न्हाय."

आत तिला ऐकू जातंय, असं मी म्हणालो. जाऊ दे, त्या म्हणाल्या, मेल्याची खोटी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं.

सर्वांत मोठा आवाज चुलत सासूचा होता. बांधावरून भांडण झाल्यापासून ती ताईशी बोलत नव्हती. आता ती ताईच्या हाताची भाकरी, तिचा स्वभाव, तिची चाल, एकेक आठवून सूर लावत होती. ताईने ते ऐकलं.

"ती माझं एवढं चांगलं बोलतीया म्हंजे मी गेलेच," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाकाखाली बोट धर. श्वास हाय का बग."

मी बोट धरलं. श्वास होता, पण तोकडा आणि भराभर. तिच्या हाताची बोटं आतल्या आत वळू लागली. बाहेर म्हाताऱ्याने बांबू तोडायला कोयता घातला. पहिल्या घावाला ताईची मान कलली.

मी बाहेर गेलो, चुलत सासूचा दंड धरला आणि तिला ओढत आत आणलं. ती अर्ध्या सुरावर थांबली.

"अगं, तू हाईस की," ती म्हणाली. पदराने डोळे पुसत पुढे म्हणाली, "मग मी एवढी रडले कशाला, बांध कोरणारीसाठी?"

ताईचे डोळे उघडले. "बांध तुमी कोरला," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते.

दाजी ट्रक घेऊन आले तेव्हा साप अजून वरच होता. सासूबाई जाऊ देईनात. धूर अजून पुरा झाला नाही म्हणत होत्या. आम्ही ताईला उचलून ट्रकमध्ये घातलं. चुलत सासूही कोणी न सांगता चढली. बार्शीपर्यंत दर थोड्या वेळाने मी ताईच्या नाकाखाली बोट धरत होतो.

डॉक्टरांनी मनगट धुतलं, दातांची ओळ पाहिली, सापाचं वर्णन दोनदा विचारलं. याला विष नसतं, ते म्हणाले. झाडावरच राहतो, सरडे-पाली खातो.

"मग मला काय हुत हुतं?" ताईने विचारलं.

त्यांनी तिचं दुसरं मनगट धरून पाहिलं. नाडी अजून फार धावत होती. संध्याकाळपर्यंत खाटेवर पडून राहा, एवढंच त्यांनी सांगितलं.

ती खाटेवर बसली, पण आडवं व्हायला तयार होईना. डॉक्टर दुसऱ्यांदा सांगून गेले तेव्हा तिने माझी बाही धरली.

"आडवी झाले तर मान्सं परत रडतील," ती म्हणाली.

अंधार पडेपर्यंत ती तशीच ताठ बसून होती.