पाव्याची चाल आणि रद्द झालेली डिस्क

गेल्या रविवारी किन्हवलीच्या पुढच्या एका वाडीवर गेले होते. बुधाजीबाबांच्या ओट्यावर टीव्ही आणून ठेवला होता, आणि आम्ही जमलो होतो एका जुन्या मराठी सिनेमातलं जेमतेम चाळीस सेकंदांचं संगीत ऐकायला...

आधीची हकिकत सांगते. मी भातसानगरला नोकरी करते आणि जुन्या सिनेमांचं पार्श्वसंगीत जमवायचा मला नाद आहे. गाणी नाही... संवादांच्या खालून वाजत असतं ना, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, ते.

माझ्या इथल्या पोस्ट वाचून एका छोट्या कंपनीच्या मालकांचा फोन आला. तीनच माणसांची कंपनी. जुने सिनेमे स्वच्छ करून डिस्कवर काढतात, सोबत संगीताची सीडी आणि पुस्तिका. मुरबाडच्या बाजूला शूटिंग झालेला एक सिनेमा ते काढत होते, आणि पुस्तिका मी लिहावी म्हणत होते. त्या दिवशी ऑफिसात माझं कशातच लक्ष लागलं नाही.

त्या सिनेमात नायिका नदी उतरून निघून जाते. कुणी बोलत नाही, फक्त बांबूचा पावा वाजतो... वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ते शोधत, विचारत मी या वाडीवर पोचले. बुधाजीबाबा तरुणपणी इथे गुरं राखायचे. शूटिंगवाल्यांनी त्यांना बोलावून रेकॉर्डिंगच्या मशिनीपुढे पावा वाजवून घेतला होता. पुढे त्याचं काय झालं, हे त्यांना कुणीही कळवलं नाही.

सिनेमा त्यांनी पाहिलाच नव्हता. तेव्हा तो एका ॲपवर होता, पण वाडीवर रेंज नाही. मी म्हटलं, बाबा, डिस्क आली की पहिली तुमच्याकडे. पुस्तिकेत त्यांचं नाव लिहिलं, फोटोसकट.

आणि मग त्या छोट्या कंपनीच्या मालकांची मेल आली. सिनेमाचे हक्क असलेली कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली, आणि ती त्याहून मोठ्या कंपनीत विलीन झाली. नव्या साहेबांनी असले छोटे करार एका फटक्यात रद्द केले. डिस्क नाही, सीडी नाही, पुस्तिका नाही. महिन्याभरात सिनेमा ॲपवरूनही गायब!

मी सरळ त्या बड्या कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. मुलगी अगदी गोड बोलली. "मॅम, हे टायटल आमच्या प्लॅनमध्ये नाहीये."

"मग आम्हाला काढू द्या ना."

"सॉरी मॅम, राइट्स आमच्याकडे आहेत."

म्हणजे स्वतः काढणार नाहीत आणि दुसऱ्याला काढू देणार नाहीत. माझं डोकंच फिरलं. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा इथे केवढं तरी लिहिलं होतं...

ते वाचून मुरबाडच्या एका काकांचा मेसेज आला. पूर्वी त्यांची व्हीसीडी भाड्याने द्यायची लायब्ररी होती. दुकान बंद केलं, पण मराठी सिनेमे त्यांनी टाकून दिले नाहीत. "आहे माझ्याकडे. ओरिजिनल. प्लेअरपण चालू आहे. कधी जायचं बोला!"

तर रविवारी काका प्लेअर मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. बाबांची सून हौसाताई आम्हाला बघून म्हणाली, "सकालधरनं जेवलं पन नाय, ताई. वाटंकडंच डोलं."

चित्र दोनदा अडकलं. मग नदी आली... पावा सुरू झाला. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"परत लावा."

परत लावलं. बाबांनी हळूच मान हलवली. "ह्यो मी नाय."

"पण बाबा, चाल तर..."

"चाल माझीच हाय, बाय. फुकनारा दुसरा हाय. मी तिथं दम सोडीत नाय."

म्हणजे बाबांचं रेकॉर्डिंग ऐकवून स्टुडिओत दुसऱ्या कुणाकडून तरी वाजवून घेतलं असणार. आणि मी पुस्तिकेत छातीठोकपणे लिहून बसले होते! बाबा उठून आत गेले. वाटलं, चिडले... तर हातात पावा घेऊन बाहेर आले.

"तेंनी अर्धीच घेतली. पुरी आयका."

आता त्यांना दम पुरत नाही. मध्येच थांबायचे, तोंड पुसायचे, आणि सोडलं तिथूनच पुढे उचलायचे. चाल वळणं घेत कुठल्या कुठे गेली... सिनेमात तर नुसती सुरुवात आहे. मी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं. काका आणि हौसाताई जागचे हलले नाहीत.

संपल्यावर विचारलं, बाबा, हे सगळ्यांना ऐकवू?

"आयकव ना. कोन आडवतो? माझी हाय ती."

तर व्हिडिओ खाली टाकलाय. नाव बाबांचं आहे आणि तेच राहणार. छोट्या कंपनीच्या मालकांना तो आधीच पाठवला होता, त्यांनी काल ऐकून लगेच फोन केला... बाबांच्या पाव्याची सीडी काढायची, माझ्या पुस्तिकेसकट. यात त्या बड्या कंपनीचा एक सूरही नाही, त्यामुळे कुणाची परवानगी मागायची नाही. आणि सिनेमा सोडवण्यासाठी माझी मेल त्यांना दर महिन्याला जाणारच आहे. कंटाळा आलाच तर त्यांना येऊ दे, मला येणार नाही.

काका, तुम्ही त्या व्हीसीडी जपून ठेवल्यात, त्याचे आभार कसे मानू...

पुस्तिकेतलं ते पान आता नव्याने लिहितेय. चाल बुधाजीबाबांची. वाजवणारा... माहीत नाही. स्टुडिओत त्या दिवशी पावा वाजवणारे तुमचे आजोबा, काका, शेजारी, कुणीही असतील तर कृपया कळवा. त्यांचंही नाव कुणी लिहिलेलं नाही, आणि मी जागा सोडून ठेवलीय.