राखून ठेवलेले शेवट

वाचलेल्या प्रत्येक कादंबरीची मी वहीत नोंद करते. नाव, आणल्याची तारीख, परत दिल्याची तारीख आणि शेवट. शेवटाच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा: गोड, कडू, ठीक किंवा अर्धवट. हल्लीच्या कादंबऱ्यांपुढे बहुतेक वेळा ‘अर्धवट’ असतं. कुणीतरी खिडकीतून बाहेर बघत बसतं आणि पुस्तक संपतं. प्रेमकथा निदान संपतात तरी. पण त्यांत भांडी कोण घासतं, पाणी कोण भरतं, याचा पत्ता नसतो.

माझं हे मत थोरल्या जाऊबाईंना कधीच पटलं नाही. त्या मार्गासनीला असतात, भाताचं शेत आणि दोन म्हशी बघतात. मी भोरला, एका शाळेच्या कार्यालयात. माझं लग्न झाल्यापासून एका रविवाराआड मी वाचनालयातून दोन पुस्तकं घेते, कापूरहोळला गाडी बदलते आणि त्यांच्याकडे जाते.

“भांडी घासायला म्या हाय की,” त्या म्हणायच्या. “आता पुस्तकात बी तेच वाचू व्हय?”

मी आधी वाचायची, मग त्या. म्हणून वहीत शेवटाचे दोन रकाने झाले, एक माझा आणि एक त्यांचा. त्यांचा रकाना मला फार त्रास द्यायचा. न आवडलेलं पुस्तक त्या दोन दिवसांत संपवून ‘कडू, लिही’ म्हणून मोकळ्या व्हायच्या. पण आवडलेल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण त्या वाचतच नसत.

“संपलं की ती मान्सं जात्यात गं. ऱ्हाऊ द्यात थोडी.”

“ताई, मग मी इथं काय लिहू?”

“मोकळं ठिव. कवातरी वाचीन. पुस्तकं कुठं पळून चाललीत?”

गेल्या दिवाळीनंतर त्यांना तांदळातले खडे दिसेनात. मी पुण्याला तपासणीची वेळ घेतली, जुने कागद फाईलला लावले, प्रश्न लिहून नेले. डॉक्टरांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता, उरलेलाही जाणार होता, आणि ते थांबवण्यासारखं आता काही नव्हतं. परतीच्या गाडीत ताई माझ्याकडे तिरकं बघत म्हणाल्या, “तुजं तोंड न्हाई दिसत. कान दिसत्यात.” नसरापूर फाटा आल्यावर म्हणाल्या, “वहीत बग, किती मोकळं हाय.”

अकरा रकाने मोकळे होते.

“मी वाचून दाखवते ना.”

“नको बाई. तू शाळंची नोटीस वाचल्यावानी वाचतीस. तुज्या तोंडात हिरो बी तलाठी वाटतो.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “म्या माज्या डोळ्यांनी वाचनार. माज्यासाठी राखलीत ती पानं.”

काम हाती आलं की मला बरं वाटतं. मी यादी केली. वाचनालयात सात पुस्तकं सापडली, तीन रद्दीत गेली होती. अकरावं बांधणीला गेलं होतं, महिनाभरात येणार होतं. सातांची शेवटची प्रकरणं झेरॉक्सवाल्याकडून इतकी मोठी करून घेतली की एका पानावर चारच ओळी बसत. ताई सकाळी उन्हात, गोठ्याच्या दाराशी बसायच्या. कागद डोळ्यांच्या बाजूला धरून, मान वाकडी करून, कडेच्या नजरेनं एकेक शब्द पकडायच्या. पहिलं प्रकरण दोन रविवारांत झालं. दुसऱ्याला चार लागले. तिसऱ्यात नायिकेचं लग्न ठरेपर्यंत त्यांना कागद पांढरा दिसायला लागला. मी अक्षरं आणखी मोठी केली. काही उपयोग झाला नाही. मोबाईलवर ऐकायची पुस्तकं लावून दिली, तर म्हणाल्या, “ही वाचनारी बया समद्यांवर सारखीच माया करती.”

त्यात, बरंच उशिरानं, अकरावं पुस्तक आलं. मी त्यांना नेऊन दिलेलं सगळ्यात पहिलं. घाटाखाली चहाचं दुकान चालवणारी एक बाई असते. तिला सोडून गेलेला माणूस शेवटून दुसऱ्या प्रकरणात परत येतो, दुकानापुढे पिशवी घेऊन उभा राहतो आणि चहा मागतो. तिथं ताईंनी पुस्तक मिटलं होतं.

“बावीस वर्सं झाली,” त्या म्हणाल्या. “तो तितंच हुबा हाय.”

पुस्तकाला नवं कापडी वेष्टन होतं, आत शेवटचं प्रकरणच नव्हतं. पानं बांधणीच्या आधीच गळाली असणार. वाचनालयात दुसरी प्रत नाही. प्रकाशकाचा फोन बंद. पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी दोन शनिवार फिरले.

“अगं, तू वाचलंईस की,” ताई म्हणाल्या. “सांग, ठिवून घेतला का त्येला?”

“आठवत नाही, ताई.”

“वहीत बग.”

बघायची गरज नव्हती. माझ्या रकान्यात ‘ठीक’ होतं.

“ठीक मंजी? घेतला तर गोड, हाकलला तर कडू. ठीक कसं व्हईल?”

येताना गाडीत मी दोन-तीन शेवट मनात जुळवून पाहिले होते. पण ताईंना माझं खोटं लगेच कळतं. आणि बावीस वर्षं जपलेल्या गोष्टीत घरी बनवलेलं काही घालायला माझं मन धजेना. इतकी वर्षं पुस्तकांवर मतं नोंदवली. त्यांतलं एकही आता त्यांच्या कामाचं नव्हतं.

शेवटून दुसरं प्रकरण मी मोठं करून आणलं होतं. ताईंनी त्याचं अखेरचं पान हातात घेतलं, डावीकडे धरलं, उजवीकडे धरलं, उन्हाकडे फिरवलं. मग माझ्यापुढे केलं.

“वाच. नोटिशीवानी का हुईना.”

मी वाचलं. तो उभा राहिला. त्यानं चहा मागितला. तिनं त्याच्याकडे न बघता आधण ठेवलं.

“फुडं?” ताई म्हणाल्या.

झेरॉक्सची मागची बाजू कोरी असते हे मला ठाऊक होतं. तरी मी कागद उलटून बघितला.