बुक्कीनं फोडलेला कांदा

पुण्यातल्या खानावळीत समोर बसलेल्या अनोळखी माणसानं ताटातला कांदा टेबलावर ठेवला आणि धाडकन बुक्की हाणली. भांडी उडाली. शेजारच्या बाई किंचाळल्या. मी मात्र पाठ आक्रसून घेतली, मार चुकवावा तशी.

आमच्या मंगळवेढ्याकडे कांद्याला सुरी लावत नाहीत. वडील असाच फोडायचे. त्याच मुठीनं आमच्या पाठीही फोडायचे. रागात मारायचे, लाडातही मारायचे. आणि फुटलेल्या कांद्यातला कोवळा गाभा न बोलता माझ्या भाकरीवर ठेवायचे.

त्या मुठीला भिऊन मी गाव सोडलं, बोली घासून गुळगुळीत केली. कुणी विचारलं की ‘पुण्याचाच’ म्हणत आलो. पण पाठीवरचे वळ गेले नाहीत, तशी गाभ्याची चवही गेली नाही. दिलं होतं दोन्ही एकाच हातानं. एक ठेवून दुसरं टाकणार कसं?

त्या माणसानं गाभा काढून माझ्या ताटात ठेवला. “घ्या पाव्हणं. कुठलं म्हणायचं तुम्ही?”

मी माझा कांदा टेबलावर ठेवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हाणली. पहिल्याच बुक्कीत फुटला.

“बास,” तो हसला, “कळलं गाव.”