उणे चार डझनी

आमच्या मुलीने स्वतःच मुलगा पसंत केलान. घाटावरचा, कॉलेजात विज्ञान शिकवणारा. मे महिन्यात तो एकटाच आमच्याकडे आला. माझी काही अडचण नव्हती. मला न आवडणारा माणूस अजून जन्मायचाय. अडचण आमच्या हिची. हिने पोरीला बजावलेलंन, "आधी माणूस बघीन, मगच हो म्हणीन."

पोरीने मला वेगळं बजावलंन. "बाबा, तुम्ही नुसते हसा. बोलू नका." दुसरीत दोनदा बसून शाळा सोडलेला माणूस मी. तिची भीती रास्तच होती.

चहा होईपर्यंत मी हसलो. गाल दुखले. दिवस बुडाल्यावर घरापुढच्या खळ्यात बसलो, तर माडांच्या वर शुक्र दिसायला लागला. माझी जीभ सुटली.

"काय हो, हा केवढा असेल?"

"काका, आहे केवढा ते वेगळं. इथून किती तेजस्वी दिसतो, त्याला आम्ही प्रत म्हणतो. शुक्राची उणे चार."

"आमच्याकडे पण एक आहेत," हिने दारातून टोला हाणलान. "लांबून मोठे दिसतात."

पण मला शुक्राची दया आली होती. "उणे चार? अरेरे! मला निदान शून्य तरी पडायचं."

पोरीने कपाळावर हात मारलान. मुलगा मात्र हसला नाही. म्हणाला, "उलटं असतं, काका. आकडा लहान तितका तारा ठसठशीत. सहाचा डोळे ताणून बघावा लागतो. एकाच्या वरचढ निघाला की शून्य, त्याहून वरचढ तो उणे."

मी मान हलवली. कळलं काहीच नाही. म्हटलं, आपण आपल्या आंब्यावर यावं.

"जाताना पेटी न्या. सहा डझनी देऊ की चार डझनी?"

"छे छे, एवढे कशाला? चारच पुरे."

आत भांडं आपटलं. मी आत गेलो, मागोमाग पोरगी.

"ऐकलंत?" ही म्हणाली. "बागेतलं मोठं मोठं फळ मागतोय, आणि वर 'पुरे' म्हणतोय! हावरा आहे. मला नाही पसंत."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"अगो, पेटी तेवढीच. फळ मोठं तर डझन कमी मावतात. हे तुला-मला ठाऊक, घाटावरच्याला कुठून? त्याने बिचाऱ्याने कमी मागितलंन. मी नाही का आत्ता शुक्राला नापास केलं?"

"तुमचं सोडा. तो शिकलेला आहे."

"मग विचार त्यालाच."

ही तरातरा बाहेर गेली. "काय हो, सहा डझनीतलं फळ मोठं की चार डझनीतलं?"

तो गोंधळला. "फळ सारखंच ना, काकू? सहात दोन डझन जास्त."

मी दोन्हीतलं एकेक फळ त्याच्या हातात ठेवलं. तो बघत राहिला. कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे मी मोठे मागितले? काकू, मला सहाचीच द्या." मग स्वतःच हसायला लागला. "काका, हे तर ताऱ्यांसारखंच झालं!"

"मग उणे चार डझनी कशी भरायची?" मी म्हटलं. "पेटीच आंब्यात ठेवावी लागेल!"

ही खळखळून हसली. माझ्या विनोदाला लग्नापासून कधी हसलेली नाही. आताही हसली ती त्याच्याकडे बघून.

तोंडाने हो म्हणाली नाही. आत गेली, अढीतलं गवत बाजूला करून एकेक फळ स्वतः निवडलंन, स्वतः पेटी भरलीन. पोरीने डोकावून मोजलंन.

"आई गो, तीनच डझन बसले!"

मुलाने पेटीकडे बघितलंन. आता त्याला आकडा वाचता येत होता. "काकू, एवढं नको हो."

"राहू दे," ही म्हणाली. "पुढल्या खेपेला आई-वडलांना घेऊन या. तेव्हा देईन चारची."

पोरीने माझ्याकडे बघितलंन. मी नुसता हसलो. बोललो नाही.