समुद्राने परत केलेला नारळ

लातूरच्या माझ्या घरात सोफ्याच्या वर समुद्राचा एक फोटो लावलेला आहे. काळे खडक, त्यांवर फुटलेली लाट, वर ढगाळ आभाळ. पाहुणे चहा पिता पिता त्याच्याकडे बघतात आणि किती शांत वाटतं, असं म्हणतात. फोटोला आवाज नसतो, एवढाच त्याचा अर्थ. तो काढल्यावर थोड्याच वेळात माझ्या बहिणीने त्याच पाण्यात आपल्या नवऱ्याचं तोंड फोडलं.

समुद्राचे फोटो काढायची हौस मला उशिरा लागली. आमच्याकडे नजर पोचेल तिथवर दिसतं ते सोयाबीन, आणि सोयाबीन कितीही वारा आला तरी अंगावर येत नाही. मी एकटाच कोकणात जाऊन खडकांवर ट्रायपॉड लावून बसायचो. त्या फोटोच्या वेळी अक्का म्हणाली, आम्ही पण येतो. अक्का माझी थोरली बहीण, हदगावला दिलेली. आम्ही म्हणजे ती आणि दाजी.

दाजी आजवर कुठल्याही पदावर बसलेले नाहीत, पण हदगावच्या चौकातल्या फ्लेक्सवर त्यांच्या नावाआधी ‘भावी’ हा शब्द कायम असतो. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी त्यांना पाठीमागे समुद्र हवा होता. आदल्या वर्षी वाघ होता. वाघ इंटरनेटवरून घेतला होता, समुद्र मात्र खरा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

नांदेडला गोदावरीच्या पुलावर आली की अक्का गाडी थांबवायला लावते. खण, तांदूळ, हळद-कुंकू ती वाहते. नारळ मात्र दाजी टाकतात, गोलंदाजासारखा हात फिरवून. नदी तो घेऊन जाते. गोदावरीने त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही आणि हदगावातही तसं कोणी तोंडावर म्हणत नाही. समुद्र म्हणजे मोठी नदीच, अशा समजुतीने अक्काने घरूनच ओटी बांधून आणली होती.

पावसाळा सरत आलेला होता, पण समुद्राला ते कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. लाटा येत नव्हत्या, आपटत होत्या. एकेक लाट खडकावर घणासारखी बसायची आणि परत जाताना गोटे खरवडत न्यायची. दगडावर दगड दळल्याचा तो आवाज पायातून वर चढायचा. दोन खडकांच्या मधे वाळूची पट्टी होती आणि तिच्यावर लाल झेंडा रोवलेला होता. हा कुठल्या पक्षाचा, असं दाजींनी विचारलं. मी सांगितलं की पाण्यात जाऊ नका म्हणून आहे. त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा कुडता खाली ओढून नीट केला.

अक्काने काठावरूनच ओटी वाहिली. दाजींनी हात फिरवून नारळ फेकला आणि फोटोसाठी माझ्याकडे वळून हात जोडले. मागून आलेल्या लाटेने तोच नारळ उचलला आणि त्यांच्या पोटरीवर असा हाणला की ते एका गुडघ्यावर खाली बसले. शेजारी कणीस खात उभी असलेली सहलीची मंडळी हसली. त्यांतल्या एकाने टाळी वाजवली.

हळद-कुंकू पोचलं, ओटी पावली, आता चला, असं अक्का म्हणत होती. दाजींनी तो नारळ पुन्हा टाकला, अधिक जोर लावून. तो पुन्हा आला आणि जाणाऱ्या पाण्याने त्यांची एक चप्पल नेली. काठावरून कोणीतरी म्हणालं की साहेबांचा अर्ज बाद झाला.

दाजींचा चेहरा लाल झाला. ‘गोदावरीनं कधी वापस न्हाई केला,’ ते म्हणाले. ‘ह्यो कोण लागून गेला?’

ते नारळ वर धरून आत शिरले. आम्ही दोघं ओरडत होतो. कमरेइतक्या पाण्यात त्यांनी हात मागे नेला तेवढ्यात लाट छातीवर बसली. ते उताणे पडले, परतीच्या पाण्याने त्यांना गोट्यांवरून फरफटत ओढलं, आणि नारळ, कुडता, दाजी सगळंच दिसेनासं झालं.

मला पोहता येत नाही. लहानपणी मला दमा होता, म्हणून विहिरीत ढकलायच्या वेळी चुलत्यांनी मला वगळलं आणि अक्काला पाठीला वाळका भोपळा बांधून ढकललं. तिने साडीचा काचा मारला आणि सरळ आत गेली.

ती पोचली तेव्हा दाजींनी दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. बुडणारा माणूस मिठी मारतो ते ऐकलं होतं; तो समोरच्याच्या अंगावर चढतो, त्याला खाली दाबून स्वतः श्वास घेतो, हे मी तेव्हा पाहिलं. अक्काचं डोकं पाण्याखाली गेलं. वर आलं, परत गेलं. पुन्हा वर आली तेव्हा तिने मारायला सुरुवात केली. नाकावर, तोंडावर, मूठ वळून. बांगड्या त्यांच्या गालावर फुटल्या. ‘सोड,’ ती ओरडत होती. ‘सोड मला. दोघं बी मरू. सोड म्हनते ना तुला.’

शेवटच्या ठोशाने की त्या ‘तुला’ने, कोण जाणे, पण हात सुटले. तिने त्यांचे केस मुठीत धरले आणि काठाकडे यायला लागली.

मी छातीपर्यंत पाण्यात जाऊन ट्रायपॉड पुढे केला. कॅमेरा तसाच त्यावर होता, सोडवायला वेळ कुठला. लाटेने मला खडकावर आपटलं, गुडघा सोलला गेला. टाळी वाजवणाऱ्या माणसानेच मागून माझा कमरेचा पट्टा धरून ठेवला. अक्काच्या हाताला ट्रायपॉडचा पाय लागला.

वाळूवर दाजींनी पाणी ओकलं. श्वास चालू झालाय हे बघून अक्काने त्यांना आणखी एक लगावली. आता त्याची गरज नव्हती, पण मी मधे पडलो नाही. खालचा ओठ फाटला होता आणि गालात हिरव्या काचेचा तुकडा रुतला होता. मी तो काढला. त्यांनी डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल, तर ह्याचा फोटो काढला का. कॅमेऱ्यात पाणी गेलंय म्हणालो. त्यांनी समाधानाने डोळे मिटले. आपला फोटो निघाला नाही म्हणून त्यांना बरं वाटलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. आतलं मेमरी कार्ड मात्र शाबूत आहे, हे मलाही घरी गेल्यावरच कळलं. सोफ्यावरचा फोटो त्यातलाच.

पुढच्या लाटेने नारळ परत आणून दाजींच्या पायांशी ठेवला. कोणी हसलं नाही. अक्काने तो ओल्या पदरात बांधला.

परतीला गाडी मी चालवली. दाजी मागच्या सीटवर सुजलेलं तोंड भिंतीकडे वळवावं तसं खिडकीकडे वळवून बसले होते. लातूरला मी उतरणार होतो, पण अक्का म्हणाली, चल पुढं. नांदेडच्या पुलावर तिने गाडी थांबवली. सवयीने दाजींचा हात दाराकडे गेला आणि तिथेच थांबला.

अक्का एकटी उतरली. मोकळ्या मनगटाच्या हाताने तिने कठड्यावरून नारळ नुसता सोडला, फेकला नाही, आणि वाकून बघत राहिली.

दाजींनी काच खाली केली. फाटका ओठ जपत त्यांनी विचारलं, ‘वापस तर न्हाई येऊन राहिला?’

‘गेला,’ अक्का म्हणाली. ‘बसा आता गप.’